रिअ‍ॅक्टिव्ह कुत्रा: अनोळखी माणसं आणि दुसरी कुत्री दिसली की त्याला शांत कसं ठेवायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मला येणारे मेसेज बहुतेक संध्याकाळचे असतात, कुत्र्याला फिरवून घरात पाय टाकल्या टाकल्या लिहिलेले, काहींत तर नुसतं "आज परत तेच झालं" एवढंच असतं. माझा कुत्रा अकरा वर्षं जगला आणि त्यातली पहिली चार वर्षं आम्ही दोघंही रस्त्याला घाबरायचो, त्यामुळे त्या एका ओळीत काय काय असतं ते मला कळतं. तीच गोष्ट परत परत नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे नक्की काय? माझा कुत्रा चावरा आहे का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह कुत्रा म्हणजे एखादी गोष्ट दिसली किंवा ऐकू आली की जो गरजेपेक्षा खूपच जोरात पेटतो, भुंकतो, पट्टा ताणून झेप घेतो, गुरगुरतो, स्वतःचं नावसुद्धा त्याला ऐकू येत नाही. बहुतेक वेळा त्याला समोरच्याला घालवायचं असतं कारण तो घाबरलेला असतो, आणि काहींचं बरोबर उलटं असतं, त्यांना जवळ जायचंय पण पट्टा जाऊ देत नाही (प्रश्न १०). पण रिअ‍ॅक्टिव्ह आहे म्हणजे चावणार नाही असंही धरून चालू नका, घाबरलेला आणि कोंडीत सापडलेला कुठलाही कुत्रा चावू शकतो.

२. आम्ही त्याला कधी मारलं नाही, लाडात वाढवलं, मग हा असा का झाला?

हा प्रश्न विचारताना लोक स्वतःलाच दोष देत असतात, म्हणून आधी ते थांबवा. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना त्याचा मेंदू जगात काय नॉर्मल आहे ते ठरवत असतो, त्या काळात त्याने माणसं, गाड्या, वेगवेगळी कुत्री शांतपणे पाहिली नसतील तर पुढे सगळं नवीन म्हणजे धोका वाटतं, आणि त्या वयात ते बऱ्याचदा तुमच्या घरी आलेलंही नसतं. शिवाय स्वभाव आई-बापांकडून येतो, राखणीसाठी आणि मेंढ्या हाकायला तयार केलेल्या जातींना हलणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवायची सवय रक्तातच असते. एखादा वाईट प्रसंग पण पुरतो, एकदा दुसऱ्या कुत्र्याने पकडलं की दुधाने तोंड पोळल्यासारखं तो ताकही फुंकून पितो.

आणि एक कारण सगळे विसरतात ते म्हणजे दुखणं. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं होतं की वागणुकीच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या केसेसपैकी निदान एक तृतीयांश केसेसमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडलं. सांधे, दात, कान, पोट, त्वचेची खाज, काहीही असू शकतं. त्यामुळे ट्रेनरच्या आधी व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर), आणि जो कुत्रा मोठा झाल्यावर अचानक बदललाय त्याला तर नक्कीच.

३. तो एकदम भुंकतो, आधी काहीच कळत नाही. कळायचा काही मार्ग आहे का?

कळतं, फक्त ते भुंकण्यासारखं मोठ्याने नसतं. तोंड गच्च मिटतं, धापा टाकत असेल तर त्या एकदम थांबतात, कान पुढे टवकारतात किंवा मागे चिकटतात, वजन पुढच्या पायांवर येतं, नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग कडेला चंद्रकोरीसारखा दिसतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नजर खिळते. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद तो वळतच नाही, तिथून पुढे भुंकणं आलंच समजा. पाठीवरचे केस उभे राहिले म्हणजे राग असंच नाही, ते नुसतं उत्तेजित झाल्यामुळे पण होतं. शेपटीवर तर अजिबात विसंबू नका, ताठ वर धरून भराभर हलणारी शेपूट म्हणजे खुशी नव्हे. चार-पाच दिवस कुणाला तरी लांबून व्हिडिओ काढायला सांगा आणि घरी तो हळू करून बघा, मला माझ्या कुत्र्याची जांभई अशीच सापडली, तोवर मी दोन वर्षं ती आळस समजत होते.

४. सगळे "थ्रेशोल्ड, थ्रेशोल्ड" म्हणतात, ते काय असतं?

उंबरठाच. अलीकडे कुत्रा बघतोय पण विचार करू शकतोय, पलीकडे गेला की फक्त शरीर चालतंय, शिकणं बंद. या उंबरठ्याची किल्ली म्हणजे अंतर. कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा, कुठल्याही ट्रीटपेक्षा (बक्षिसाच्या खाऊपेक्षा) अंतर जास्त काम करतं आणि ते फुकट आहे, मला हे पहिल्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुमच्या कुत्र्याचं अंतर कुठल्या पुस्तकात नसतं, ते मोजावं लागतं. ज्या अंतरावर तो ट्रिगर, म्हणजे त्याला भडकवणारी गोष्ट, बघतो, कान हलवतो, आणि नावाने हाक मारली तर वळतो, ते तुमचं अंतर. एखाद्याचं १० मीटर असतं, एखाद्याचं पूर्ण मैदान. समोरचा कुत्रा बसलाय की पळतोय, माणूस एकटा आहे की घोळका, वारा कुठून येतोय, याने तेच अंतर बदलतं, आणि दिवसागणिक पण बदलतं (प्रश्न १४).

५. भुंकतोय आणि मी त्याला ट्रीट देऊ? म्हणजे भुंकल्याचं बक्षीसच झालं ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. भीती ही भावना आहे, ती कुणी बक्षिसासाठी करत नाही, तुम्हाला अंधाराची भीती वाटत असताना कुणी चॉकलेट दिलं तर तुम्ही पुढच्या वेळी मुद्दाम जास्त घाबरणार नाही. इथे आपण वागणं विकत घेत नाहीये, ट्रिगरचा अर्थ बदलतोय. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेनेच लाळ सुटायची, तेच तत्त्व. आणि भीतीवर ते चालतं हे १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवलं होतं, पीटर नावाचं एक लहान मूल सशाला घाबरायचं, त्याला आवडीचं खायला देताना ससा आधी खूप लांब ठेवला, मग दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला, शेवटी ते मूल सशाला हात लावायला लागलं. लांब ठेवणं आणि हळूहळू आणणं हे दोन्ही त्यात होतं, नुसतं खाऊ नव्हता.

क्रम मात्र चुकवू नका. आधी ट्रिगर दिसला पाहिजे, मग लगेच ट्रीट, ट्रिगर गेला की ट्रीट बंद. उलटं केलंत, म्हणजे आधी पिशवीत हात घातला आणि मग कुत्रा दिसला, तर काही दिवसांनी तो पिशवीचा आवाज ऐकूनच इकडेतिकडे शोधायला लागतो की आता संकट कुठून येतंय. आणि तो भुंकायलाच लागला असेल तर ट्रीटचा हिशोब करत उभे राहू नका, आधी लांब जा.

६. मग रोज नक्की काय करायचं? स्टेप सांगा.

मी याला "बघ आणि वळ" म्हणते. तुमच्या अंतरावर उभे राहा, पट्टा सैल. त्याने ट्रिगरकडे पाहिलं त्या क्षणी एक ठरलेला छोटा शब्द, मी "हो" म्हणायचे, आणि ट्रीट तुमच्या पायाजवळ. सुरुवातीला बघितल्याबद्दलच द्यायचं. काही दिवसांनी तो बघेल आणि तुम्ही काही बोलायच्या आत स्वतःच वळून तुमच्याकडे बघेल, त्या दिवशी मूठभर द्या. मग ट्रीट वळल्यावर द्यायला लागा. दहापैकी आठ वेळा आपणहून वळत असेल तर एक-दोन मीटर जवळ, नाहीतर तिथेच राहा.

५ ते १० मिनिटं बस झाली. चांगलं चाललंय म्हणून अजून एक, अजून एक करत लोक शेवटी बिघडवून घरी येतात, मी पण कितीतरी वेळा तशीच आलेय. तो शब्द आधी घरात, काही ट्रिगर नसताना ५०-१०० वेळा ट्रीटशी जोडून घ्या, रस्त्यावर शिकवायला जाऊ नका.

७. बाहेर तो ट्रीट खातच नाही.

तीनच शक्यता. पोट भरलंय, ट्रीट कंटाळवाणी आहे, किंवा उंबरठा ओलांडलाय. घरात कोरडं खाणं आणि बाहेर पण तेच कोरडं खाणं, असं करू नका, बाहेरसाठी उकडलेलं चिकन किंवा चीज असं वासाचं आणि मऊ काहीतरी, वाटाण्याएवढे तुकडे. तेही नाकारलं तर अंतर दुप्पट करा. खातोय पण बोटं चावल्यासारखा ओढून घेतोय, तर तो काठावर आहे, तीच वेळ निघायची.

८. कोपऱ्यावरून अचानक कुत्रा समोर आला तर?

त्या वेळी ट्रेनिंग नाही, फक्त सुटका. "चल चल चल" असं हसऱ्या आवाजात म्हणत गर्रकन मागे वळून निघायचं, आणि हे आधी घराजवळ, रिकाम्या रस्त्यावर खेळासारखं रोज पाच-सहा वेळा करून ठेवायचं म्हणजे वेळ आली की त्याचे पाय आपोआप वळतात. वळायला जागा नसेल तर उभ्या गाडीच्या किंवा भिंतीच्या आड जा आणि ट्रीट जमिनीवर विखरा, नाक खाली गेलं की नजर तुटते. पट्टा हाताला गुंडाळून घट्ट ओढू नका, आपला ताण पट्ट्यातून थेट त्याच्या मानेपर्यंत जातो आणि त्याची खात्रीच पटते की घाबरण्यासारखं आहे. रागवू पण नका. "असू दे रे, आहे मी" असं हळू बोलल्याने भीती वाढत नाही, बिनधास्त बोला.

९. समोरचा लांबूनच ओरडतो "माझा काही करत नाही!" आणि सोडलेला कुत्रा आमच्याकडे पळत येतो. काय करू?

हे वाचतानाच माझं रक्त उसळतं. त्याचा काही करत नसेल, पण प्रश्न माझ्या कुत्र्याला काय वाटतं याचा आहे. ओरडून "माझा घाबरतो, प्लीज बोलवा" यापेक्षा "त्याला आजार आहे, लागण होईल" म्हटलं की लोक जास्त पटकन बोलावतात असं बरेच जण सांगतात, मला खोटं बोलणं जमत नाही म्हणून मी "जवळ नको, थांबवा!" एवढंच खणखणीत म्हणायचे. तुमचा कुत्रा मागे, तुम्ही मध्ये, तळहात पुढे, आणि येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर मूठभर ट्रीट फेका, बहुतेक कुत्री खायला थांबतात आणि तेवढ्यात तुम्ही निघायचं. पट्ट्याला पिवळी रिबन बांधायची पद्धत अनेक देशांत आहे, अर्थ "मला जागा हवी", पण ती सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. "जागा द्या" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं जॅकेट जास्त उपयोगी पडतं.

१०. मोकळा सोडला की सगळ्यांशी खेळतो, पट्टा लावला की राक्षस होतो. असं कसं?

कारण पट्टा त्याची दोन हत्यारं काढून घेतो, एक म्हणजे पळून जाणं आणि दुसरं म्हणजे वळण घेऊन जाणं. कुत्री एकमेकांना भेटताना अर्धगोल घेत, बाजूने, मागून हुंगत येतात, पट्ट्यावर आपण त्यांना समोरासमोर नाकाला नाक आणतो, आणि कुत्र्यांच्या भाषेत हा उद्धटपणा आहे. खेळाडू कुत्र्याचं रडगाणं वेगळं, लहानपणी दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याला भेटवलेलं असतं, आता भेटू देत नाही म्हणून तो किंचाळतो. दोघांवर उपाय जवळपास तोच (प्रश्न ६), फरक एवढाच की खेळाडूला पट्ट्यावर कुणालाच भेटवायचं नाही हा नियम काही महिने पाळा, आणि घाबरटाला समोरून कुणी आलं की सरळ रेषेत न जाता मोठा वळसा घालून न्या.

११. कोणता पट्टा घेऊ? एकाने शॉक कॉलर सांगितली, म्हणाला तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, व्हायला पाहिजे.

Y आकाराचा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), ज्याला छातीवर पण कडी असते, आणि २-३ मीटरची साधी लीश (हातात धरायचा पट्टा). आपोआप सुटत जाणारी, दोरीची डबी असलेली लीश नको, ती कायम ताणलेली असते. मैदानात ५ ते १० मीटरची लांब दोरी, ती हार्नेसलाच, कॉलरला कधीच नाही, झेप घेतली तर मान दुखावेल. निसटणारा असेल तर हार्नेस आणि कॉलर दोन्हीला अडकवा.

शॉक, चोक, काटेरी कॉलर नको. कुत्रा दिसला आणि मान दुखली, परत कुत्रा दिसला आणि परत मान दुखली, यातून तो शिकतो की कुत्री आली की दुखतं. वरून गप्प होईल कदाचित, आतून भीती वाढलेली असते. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियरने २०२१ मध्ये सगळ्या कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापरा असं स्पष्ट सांगितलंय. अल्फाची गोष्ट रुडोल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लांडग्यांवरच्या अभ्यासापर्यंत जाते, ते लांडगे कोंडून ठेवलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी ती कल्पना आधी आपल्या लिखाणातून लोकांपर्यंत नेली आणि मग १९९९ मध्ये स्वतःच मांडलं की जंगलातला कळप म्हणजे साधारण आई, बाप आणि त्यांची पिल्लं. चूक कळल्यावर ती जाहीर दुरुस्त करणारा माणूस, मला त्याबद्दल त्यांचा फार आदर वाटतो.

१२. घरी पाहुणे आले की तासभर भुंकतो.

बेल वाजायच्या आधी तो दुसऱ्या खोलीत किंवा जाळीच्या दारामागे, काहीतरी चघळायला देऊन. पाहुणे येऊन बसले, आवाज स्थिरावले, मग पट्ट्यावर बाहेर. पाहुण्यांना तीनच गोष्टी सांगा, बघू नका, बोलू नका, हात पुढे करू नका. हातावर ट्रीट ठेवून "ये ये" करणं हे चांगल्या मनाने केलेलं सगळ्यात घातक काम आहे, खाण्याच्या लोभाने तो जवळ येतो, खाणं संपतं आणि एकदम लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या अगदी पुढ्यात आहोत. त्याऐवजी पाहुण्याने ट्रीट कुत्र्याच्या मागे फेकायची, म्हणजे खायला तो लांब जातो आणि परत यायचं की नाही हे त्याचं तो ठरवतो. पाहुणा उठून उभा राहतो आणि निघतो तेव्हा परत भडकणारे खूप आहेत, उठायच्या आधी त्याला आत न्या. आणि काही कुत्र्यांना पाहुणे नकोच असतात, त्यांना आत झोपू दे, त्यात कमीपणा काही नाही.

१३. दिवसभर खिडकीतून भुंकतो.

तो भुंकतो, माणूस निघून जातो (ते तसंही जाणारच असतं), आणि त्याला वाटतं आपणच घालवलं. दिवसाला चाळीस वेळा ही प्रॅक्टिस झाली तर संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या ट्रेनिंगचं काय होणार. खालच्या काचेला धुरकट फिल्म लावा, सोफा खिडकीपासून हलवा, पंख्याचा एकसुरी आवाज ठेवा.

१४. काल मांजरासारखा शांत होता, आज पान हललं तरी भुंकतोय. आम्ही मागे गेलो का?

नाही, ताणाची बादली भरली. सकाळी फटाका, दुपारी कुरिअरवाला, संध्याकाळी फाटकापलीकडचा कुत्रा, प्रत्येक गोष्ट एकटी असती तर चालली असती, पण ताण शरीरातून लगेच उतरत नाही, मोठा प्रसंग झाला तर पुढचे एक-दोन दिवस तो काठावरच असतो. अशा वेळी फिरणं रद्द करा, खरंच करा, आभाळ कोसळत नाही. घरात ट्रीट लपवून शोधायला द्या, चघळायला द्या, हुंगणं आणि चघळणं कुत्र्याचा ताण उतरवतं. आणि झोप बघा, मोठा कुत्रा दिवसात १२-१४ तास तरी झोपतो, गोंगाटाच्या घरात ते होत नाही.

१५. मझल (तोंडावरचं मुसकं) लावणं क्रूर नाही का?

जाळीचं, बास्केटसारखं मझल क्रूर नाही, त्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, ट्रीट खाऊ शकतो. कापडाचं, तोंड आवळणारं मझल फिरायला लावायचं नाही, गरम झाला तर तो धापाच टाकू शकत नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. आत ट्रीट ठेवून तो स्वतः नाक घालेल इथून सुरू करा, दोन-तीन आठवडे घ्या. मझल असलं तरी अंतर तेवढंच ठेवा.

१६. दोन कुत्रे आहेत, मोठा भुंकला की छोटा पण सुरू, आणि मग एकमेकांनाच धरतात.

वेगवेगळे फिरवा, वेळ दुप्पट जातो पण दुसरा मार्ग नाही. भडकलेल्या कुत्र्याला ट्रिगरपर्यंत पोचता आलं नाही की जवळ जे असेल त्याला, दुसऱ्या कुत्र्याला किंवा तुमच्या पायाला, तो धरतो. त्याला आपण कोण हे त्या क्षणी दिसत नसतं, म्हणून त्या वेळी कॉलर पकडायला हात घालू नका.

१७. बहिणीच्या कुत्र्याशी ओळख करून द्यायची आहे, कशी करू?

समांतर चालवा. दोन माणसं, दोन कुत्री, एकाच दिशेने, मध्ये मोठा रस्ता असेल एवढं अंतर, दोन्ही माणसं आतल्या बाजूला. दोघं जमीन हुंगायला लागले, अंग सैल झालं की अंतर थोडं कमी. पहिल्या दिवशी भेट झालीच पाहिजे असं नाही, तीन-चार दिवस नुसतं चाला. भेटवायची वेळ आली तर तीन सेकंद हुंगू द्या आणि हसत हाक मारून वेगळे करा. डॉग पार्कमध्ये नेऊन "होईल सवय" हा प्रयोग करू नका.

१८. औषध दिलं तर तो गुंगीत राहील का? आणि नसबंदीने शांत होईल का?

नीट बसलेल्या औषधाने कुत्रा गुंगत नाही, भीतीचा आवाज थोडा कमी होतो आणि शिकायला जागा होते. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती-चिंतेवरच्या औषधाचा परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि मनाने तर अजिबात बंद करू नका. माणसाची गोळी अर्धी करून द्यायची नाही, डोस व्हेटच ठरवणार. नसबंदीची कारणं वेगळी असतात, भीतीवर ती इलाज नाही, काही घाबरट कुत्र्यांची भीती वाढल्याचंही दिसतं, व्हेटशी नीट बोलून ठरवा.

१९. आमचा भुंकतच नाही. नुसता उभा राहतो आणि चावतो.

याबद्दल आधी विचारते, तो पूर्वी गुरगुरायचा का आणि तुम्ही त्याला त्याबद्दल ओरडायचात का? गुरगुरणं ही सूचना आहे, ती शिक्षा करून बंद केली की सूचना जाते, भीती तशीच राहते. उरतं फक्त थिजणं, श्वास रोखून पुतळ्यासारखं उभं राहणं, आणि ते दिसल्यावर तुमच्याकडे सेकंदभरच असतो. इथे इंटरनेटवर वाचून काम करू नका, व्हेट आणि वागणुकीतला जाणकार दोघं लागतील, तोवर बाहेर मझल आणि लहान मुलांपासून बंद दार. कुणाला चावलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजच्या बाबतीत "लस झालेली आहे" म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळायचं नाही.

२०. कुत्रा बहिरा आहे, तर "हो" म्हणून काय उपयोग?

शब्दाच्या जागी अंगठा वर. पण तो तुमच्याकडे बघत नसताना खूण दिसणार नाही, म्हणून पाठीवर दोन हलके टॅप म्हणजे ट्रीट, हे आधी घरात पक्कं करा. मागून कुणी आलं तर त्याला कळत नाही, त्यामुळे मागे लक्ष ठेवायचं काम तुमचं.

२१. वर्ष झालं, सगळं केलं, अजूनही मोठ्या कुत्र्यांना बघून भुंकतो. कधी बरा होणार?

भुंकला की नाही एवढंच मोजू नका. पूर्वी भुंकल्यावर शांत व्हायला वीस मिनिटं लागायची, आता दोन लागतात का? पूर्वीचं अंतर तीस मीटर होतं, आता बारा आहे का? वहीत लिहून ठेवा, कारण रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. वहीत खरंच काही बदल नसेल तर परत प्रश्न २ आणि १८, दुखणं आणि औषध, या दोन गोष्टी राहिल्यात. किती महिने लागतील हे मी कुणालाच सांगत नाही, काहींना तीन लागले, आम्हाला चार वर्षं.

आणि थोडं शिल्लक राहतंच. माझ्या कुत्र्याला शेवटपर्यंत मोठी काळी कुत्री चालायची नाहीत. समोरून तसं कुणी आलं की आम्ही रस्ता ओलांडायचो, शेवटच्या वर्षी त्याचे मागचे पाय नीट चालत नव्हते तरी तोच आधी थांबायचा, माझ्याकडे बघायचा, आणि मग आम्ही सावकाश पलीकडे जायचो.